खोक्यातलं काश्मीर

दोस्तांनो, दिवाळीचे किल्ले मोडून झाले, मावळे धुऊन-पुसून डब्यात गेले आणि 'आता काय करू?' अशी पत्रं पुन्हा यायला लागली. त्यातलं एक रत्नागिरीहून आलंय. सातवीतल्या एका मैत्रिणीने शाळेच्या प्रदर्शनासाठी बुटांच्या खोक्याचं काश्मीरमधलं घर केलं. घर झकास जमलं. उतरतं छप्पर, लाकडी खिडक्या, आत पेटलेली चूलसुद्धा! मग वर बर्फ म्हणून कापूस चिकटवला आणि सगळा विचका झाला. धाकट्या भावाने विचारलं, "ताई, या घराच्या डोक्यावर गादी का फाटलीय?" प्रदर्शन जानेवारीत आहे, आणि ताईला आता घरच मोडून टाकावंसं वाटतंय.

थांब गं, मोडू नकोस! घराचं काही चुकलेलं नाही. चुकलाय तो कापूस. बोटाने थोडं थोडं पाणी लावून तो अलगद सोलून काढ, घर दोन दिवस उन्हात वाळव आणि आजचं पान समोर ठेवून कामाला लाग. बाकीच्यांनीही माळ्यावरची खोकी खाली काढायला हरकत नाही. नाताळचा गोठा सजवणाऱ्या वसईच्या आणि गोव्याच्या दोस्तांना, गणपतीपुढे कैलासाचा देखावा मांडणाऱ्यांना, बाहुलीचं घर असलेल्या सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे. आपण मात्र उदाहरण काश्मीरचंच घेऊ. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडाक्याचा हिवाळा सुरू होतो. त्याला 'चिल्लई कलां' म्हणतात. म्हणजे आपलं काम अगदी वेळेवर चाललंय!

आधी एक कोडं सोडवू. कापूस पांढरा, बर्फही पांढरा, मग फसतं कुठे?

बर्फाच्या गोळ्याची गाडी आठवा. गोळेवाल्याकडची लादी काचेसारखी असते, तिच्यातून पलीकडचं पोतंसुद्धा दिसतं. तीच लादी किसली की खाली पांढराशुभ्र भुगा पडतो. मधे कुणी पांढरा रंग घातला का? नाही. लादीतून प्रकाश सरळ आरपार जातो. तिचे हजारो कण झाले की प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश थोडा वळतो, थोडा उसळतो, आणि शेवटी सगळेच्या सगळे रंग एकत्र होऊन आपल्याकडे परत येतात. तो आपल्याला पांढरा दिसतो. आकाशातून भुरुभुरु पडणारा बर्फ असाच कणाकणांचा असतो. कापूस असतो धाग्यांचा. धागे वळलेले, ताणलेले, एकमेकांत गुंतलेले दिसतात आणि कापूस गादीचीच आठवण करून देतो. (मराठीत फ्रीजमधला खडाही बर्फ आणि हा भुसभुशीतही बर्फच. 'हिम' हा चांगला शब्द आहे, पण तो आपण पुस्तकातच ठेवतो. त्यामुळे घोटाळा वाढतो, असं माझं आपलं मत.)

तर आपल्याला हवी आहे पूड. आता स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडू नका हं, कारण तिथल्या बहुतेक पुडी आपल्या कामाच्या नाहीत. मीठ घेतलंत तर रत्नागिरीच्या दमट हवेत त्याला पाणी सुटेल आणि घरातल्या टाचण्या-खिळे गंजतील. मैद्यात चार आठवड्यांत किडे होतील. साखर घातली की काय होईल ते मी सांगायला नको. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांच्या आधी मुंग्या हजर! शिवाय साखरेत दुसरीही एक खोट आहे, आणि ती मापाची आहे.

छोट्या देखाव्यात सगळं माप ठरवून करावं लागतं. इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजवाड्यात एक जगप्रसिद्ध बाहुलीघर आहे. राणी मेरीसाठी ते १९२४ साली पूर्ण झालं. त्याचा आराखडा एडविन ल्युटेन्स यांनी केला. हो, नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारे तेच! त्या घरात खऱ्या एका फुटाला एक इंच असं माप आहे, म्हणजे सगळं बारापट लहान. बुटांच्या खोक्यासाठी आपण त्याच्या निम्मं घेऊ : खऱ्या एका फुटाला अर्धा इंच. सहा फुटी दरवाजा तीन इंचांचा, पाच फूट उंचीची आई अडीच इंचांची. म्हणजे जग चोवीसपट लहान झालं. आता साखरेचा एक दाणा घ्या. तो साधारण एक मिलिमीटरचा. त्या अडीच इंची आईला तो किती मोठा दिसेल? चोवीसपट, म्हणजे चोवीस मिलिमीटर. सुपारीएवढा! त्याला बर्फ नाही, गारा म्हणतात. म्हणून पूड जितकी बारीक, तितका बर्फ खरा.

मॉडेल करणारी बरीच मंडळी खाण्याचा सोडा वापरतात. तो बारीक असतो, शुभ्र असतो, स्वस्तही असतो. दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनाला चालेल. पण गोंदात मिसळलेला सोडा काही महिन्यांनी पिवळट पडतो, म्हणून घर जपून ठेवायचं असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. आणि क्षणात चिकटणाऱ्या त्या छोट्या ट्यूबमधल्या डिंकावर सोडा मुळीच टाकू नका. तो भर्रकन तापतो आणि डोळे चुरचुरणारी वाफ येते.

थर्मोकोल? त्याचे गोळे बोटांना चिकटतात, खोक्याला चिकटतात, पंखा लावला की शेजारच्यांच्या घरी जातात, आणि शेवटी गटारात जाऊन वर्षानुवर्षं तसेच राहतात. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली ती उगीच नाही.

मग उरलं काय? दाराबाहेर बघा. रांगोळी! पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची किंवा संगमरवरी दगडाची भुकटी. तिला कीड लागत नाही, पाणी सुटत नाही, ती पिवळी पडत नाही. आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला शोध नव्हे. 'डॉक्टर झिवागो' हा १९६५ सालचा सिनेमा तुमच्या आजी-आजोबांनी कदाचित पाहिला असेल. त्यातल्या रशियाच्या हिवाळ्याचं बरंचसं चित्रीकरण स्पेनमध्ये, ऊन असताना झालं होतं, आणि तिथे बर्फ म्हणून संगमरवराची पूड पसरली होती.

सिनेमावाल्यांच्या बर्फाची गोष्ट निघालीच आहे तर थोडी पुढे सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत असायला हवी. जुन्या हॉलिवूडमध्ये पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळत. पायाखाली ते इतके कुरकुरायचे की नटांचे संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ च्या सिनेमासाठी मग आग विझवायच्या फेसाचं रसायन आणि साबण वापरून आवाज न करणारा बर्फ तयार केला. इथवर गंमत आहे. पण त्याआधी, १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये फुलांच्या शेतात झोपलेल्या मुलीवर जो पांढराशुभ्र बर्फ पडतो, तो ॲस्बेस्टॉसचा होता. त्या काळात ॲस्बेस्टॉसचा बर्फ नाताळच्या झाडावर टाकायला दुकानांतही मिळायचा. दिसायला सुंदर, न जळणारा, हलका! त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच रुततात आणि पुढे कर्करोगासारखे आजार होतात, हे लोकांना नंतर उमगलं.

रांगोळी म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे, घाबरू नका. पण दगडाची कुठलीही धूळ छातीत जाणं चांगलं नाहीच. म्हणून आपला नियम : नाकातोंडावर रुमाल बांधायचा, पंखा बंद करायचा, काम गॅलरीत किंवा अंगणात करायचं, आणि सांडलेली पूड फुंकर मारून उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची. घरात कुणाला दमा असेल तर पुडीचं काम आई-बाबांकडे द्या आणि तुम्ही लांबून मुकादमगिरी करा.

साहित्य फारसं नाही. रांगोळी दोन वाट्या, फेविकॉल, पांढरा पोस्टर कलर, वहीची कोरी पाठकोरी पानं किंवा टिश्यू पेपर, जुन्या मलमलीचा तुकडा, रबरबँड, झाकणाचा रिकामा डबा, एक ब्रश, नीळ, भांडी घासायच्या द्रवसाबणाचा थेंब, थोडं तंगूस आणि एक टॉर्च.

टॉर्च कशाला? तीच तर आजची खरी युक्ती. बर्फ आपण घराला 'लावत' बसतो, म्हणून तो केकवरच्या क्रीमसारखा दिसतो. खरा बर्फ वरून पडतो. तेव्हा संध्याकाळी खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च घराच्या बरोबर वर, हात उंच करून धरा. जिथे उजेड पडला, तिथे बर्फ पडणार. जिथे सावली, तिथे नाही. छपरावर उजेड आहे, खिडकीच्या खालच्या फळीवर आहे, कुंपणाच्या खुंटांच्या डोक्यांवर आहे, फांद्यांच्या वरच्या बाजूला आहे. भिंतींवर जवळजवळ नाही, वळचणीखाली नाही, दाराच्या छज्जाखाली नाही. आता टॉर्च थोडी तिरकी करा. तो झाला वारा! वाऱ्याकडच्या भिंतीवरही थोडा बर्फ येईल आणि घराच्या मागे आडोशाला ढीग साचेल, जसा आपल्या अंगणात वाऱ्याने आलेला पाचोळा कोपऱ्यात जमतो. एकच दिशा ठरवा आणि ती सगळ्या देखाव्याला लावा. झाडावर डावीकडून वारा आणि घरावर उजवीकडून, असं नको. पेन्सिलीने हलक्या खुणा करून ठेवा.

आता छप्पर. काश्मीरमधल्या घरांची छपरं बहुधा पत्र्याची आणि चांगली उतरती असतात, बर्फ साचून भार होऊ नये म्हणून. पत्रा करायला खोक्याचाच पुठ्ठा घ्या, वरचा गुळगुळीत कागद थोडा ओला करून सोला, आतून नाल्या-नाल्यांचा कागद निघेल. तो वाळवून तांबडा, हिरवा किंवा चंदेरी रंगवा. पत्र्यावरून बर्फ घसरतो, हे विसरू नका. एखाद्या बाजूला छपराचा मोठा तुकडा उघडा ठेवा आणि त्याच्या बरोबर खाली, भिंतीपासून थोडं दूर, त्या घसरलेल्या बर्फाचा ढीग करा. पाहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, त्याला ऐकू येतं : धप्प!

जमिनीवरच्या जाड थरासाठी पूड वाया घालवू नका. कोऱ्या कागदाचे कपटे रात्रभर पाण्यात भिजवा, पिळा, चांगले कुस्करा आणि त्यात फेविकॉल घालून लगदा करा. फूटभर बर्फ दाखवायचा असेल तर थर अर्ध्या इंचाचा. ओल्या बोटाने कडा गोल करा, कारण बर्फाला कोपरे नसतात. पायऱ्या, दगड, लाकडाची मोळी, उलटी ठेवलेली बादली, सगळं त्याच्याखाली मऊ होऊन जातं. आकार ओळखू येतो, पण धार दिसत नाही. खुंटांच्या डोक्यावर वाटाण्याएवढा लगदा ठेवून टोप्या करा.

लगदा ओला आहे तोवर सगळ्यात मजेचं काम उरकायचं. त्यासाठी जरा विचार करा. आज सकाळी या घरातून कोण बाहेर पडलं? कशाला?

पावलं दाखवायची म्हणून बरेच जण अंगणभर ठसे उठवतात, जणू काही तिथे लंगडी चालली होती. तसं करू नका. एकच वाट करा. दारातून निघालेली, लाकडाच्या मोळीपर्यंत गेलेली आणि परत आलेली. मोठ्या माणसाचं पाऊल आपल्या मापात साधारण एक सेंटिमीटर, आणि दोन पावलांमधलं अंतर इंचापेक्षा थोडं कमी, कारण खोल बर्फात कुणी ढांगा टाकत नाही. खोडरबराचा लांबट तुकडा कापून ठसा करा. मोठ्यांच्या पावलांशेजारी अर्ध्या मापाची छोटी पावलं उठवली तर? पाणी आणायला आईबरोबर कुणी तरी लुडबुड करत गेलं होतं! आणि ती छोटी पावलं मधेच वाट सोडून कुंपणाकडे वळलेली, तिथे थोडा बर्फ उकरलेला. एकही बाहुली न ठेवता माणसं दिसायला लागतात. दाराजवळ ये-जा जास्त, म्हणून तिथला बर्फ दाबून पातळ करा आणि चहाचा चोथा खडखडीत वाळवून त्याची चिमूटभर पूड टाका. तो झाला चिखल. ओलसर चोथा वापरलात तर त्यावर बुरशी येईल, तेव्हा उन्हात दोन दिवस तरी हवाच.

लगदा वाळायला देशावर एक दिवस लागेल, कोकणात दोन. घाई नको.

वाळल्यावर पांढरा रंग द्यायचा. इथे नीळ कामाला येते. उघड्या मैदानात सावलीत पडलेल्या बर्फावर सूर्याचं ऊन पोचत नाही, पोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड. म्हणून बर्फावरच्या सावल्या निळसर दिसतात. थोडा पांढरा रंग वेगळा घेऊन त्यात काडीच्या टोकाने नीळ टेकवा, आणि हा रंग पावलांच्या खळग्यांत, ढिगाच्या मागच्या बाजूला, घराच्या सावलीच्या अंगाला लावा. अगदी फिका हं! नुसता पाहिला तर पांढराच वाटला पाहिजे, कोऱ्या कागदाशेजारी धरल्यावर कळला पाहिजे. जास्त निळा झाला तर काश्मीरऐवजी धोब्याचा हौद होईल. बाकी सगळीकडे स्वच्छ पांढरा. भिंती, फांद्यांची खालची बाजू आणि वळचण मात्र गडद, तपकिरीच राहू द्या. गडद काही नसेल तर पांढऱ्याला पांढरेपणा कुठून येणार?

आता पाऊस पाडू. रांगोळी डब्यात घाला, तोंडावर मलमलीचा दुहेरी तुकडा रबरबँडने घट्ट बसवा. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी आणि द्रवसाबणाचा एक थेंब मिसळा. साबणामुळे हे पाणी गोळा न होता सगळीकडे पसरतं. ब्रशने ते जिथे जिथे टॉर्चचा उजेड पडला होता तिथे लावा. रुमाल बांधलाय ना? मग डबा उलटा करून वीतभर उंचीवरून बोटाने टिचक्या मारा. पूड भुरभुरत खाली येईल आणि आपली आपणच बसेल. वारा दाखवायचा असेल तर खोका थोडा कलता ठेवा. एकदम जाड थर देऊ नका. पातळ थर, तासभर वाट, पुन्हा गोंद, पुन्हा टिचक्या, असं दोनदा-तीनदा करा. शेवटी खोका अंगणात नेऊन कागदावर हलकेच टकटक करा. न चिकटलेली पूड पडेल, ती परत डब्यात.

झाडांसाठी वाळकी काटकी उत्तम. काश्मीरमध्ये चिनाराची पानं हिवाळ्याआधी लालबुंद होऊन गळतात आणि झाडं बोडकी होतात, त्यामुळे पानांची कटकट नाही. फांद्यांच्या फक्त वरच्या कडेला गोंद लावा. एखाद्या फांदीवरचा बर्फ नखाने खरवडून टाका. तिथे नुकताच कावळा बसून उडालाय.

सुळके सगळ्यांना आवडतात, म्हणून सगळे ते नको तितके करतात. सुळका कसा होतो ते पाहा. घरात चूल पेटते, छप्पर आतून तापतं, बर्फाचा खालचा थर वितळतो. पाणी छपरावरून ओघळत वळचणीला येतं. वळचण घराबाहेर, थंडगार. पाणी तिथे थेंबाथेंबाने गोठतं आणि सुळका खाली वाढत जातो. दुपारच्या उन्हानेही असंच होतं. तेव्हा चुलीच्या बाजूच्या वळचणीला सुळके जास्त आणि लांब करा, रिकाम्या गोठ्याला एखाददुसराच पुरे. धुराड्याभोवती तळहाताएवढा नव्हे, पण आपल्या मापात नाण्याएवढा पत्रा बर्फाशिवाय उघडा ठेवा. कुठल्या खोलीत ऊब आहे ते छपरावरूनच समजतं. काश्मिरीत या सुळक्यांना 'शिशरगांठ' म्हणतात. आपला शिशिर ऋतू त्यात ऐकू येतो की नाही?

करायचे कसे? मासे पकडायच्या गळाला लावतात ते तंगूस घ्या. रत्नागिरीत ते कुठेही मिळेल! त्याचे अर्ध्या ते एक इंचाचे तुकडे कापा, सगळे एका मापाचे नकोत. वरच्या टोकाला फेविकॉलचा थेंब, मग पूर्ण तुकड्याला पातळ हात, उलटं टांगून वाळवायचं. असे चार-पाच हात दिले आणि दर वेळी वर थोडा जास्त गोंद ठेवला की वर जाड, खाली टोकदार असा सुळका तयार होतो. वाळल्यावर तो पारदर्शक होईल. घरी गोंदाची गरम बंदूक असेल तर आई-बाबा तिने झटकन सुळके ओढून देतील, पण तिला तुम्ही हात लावायचा नाही. त्या गोंदाचा चटका फार वाईट असतो, कातडीला चिकटूनच बसतो.

खिडकीच्या काचेवर गोठलेलं दंव हवं? महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावर दंव गोठून पांढरं होतं, ते काही जणांनी पाहिलं असेल. काचेवर त्याची नाजूक पिसं उमटतात. ती करायला औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट मागा. अर्धी वाटी गरम पाण्यात, मोठ्यांच्या मदतीने, मावेल तेवढं विरघळवा, द्रवसाबणाचा एक थेंब टाका आणि ब्रशने पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर पातळसा हात फिरवा. तसंच ठेवून द्या. पाणी उडून जाईल तसतशा सुयासुयांची नक्षी आपोआप उमटेल. मी हे पुष्कळ वेळा केलंय, तरी दर वेळी बघत बसतो! काचेच्या कडांना जास्त लावा, मध्ये कमी. वाटीवर चिठ्ठी लावून ठेवा, नाही तर कुणी मीठ समजून चव घेईल. काम झालं की उरलेलं ओतून द्या.

या काचेमागे पिवळा जिलेटीन कागद आणि त्यामागे दिवाळीच्या माळेतला सेलवर चालणारा एक छोटा एलईडी दिवा. बाहेर निळसर पांढरं, आत पिवळं. रत्नागिरीच्या ताई, तुझी पेटलेली चूल आता कामाला येणार! घरात शेक घ्यायला कांगडीही ठेव. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. काश्मीरमध्ये थंडीत ती फेरन या पायघोळ अंगरख्याच्या आत धरून लोक ऊब घेतात. आपल्या मापात ती वाटाण्याएवढी : मातीचा गोळा, वर खळगा, बाहेरून सुतळीच्या एकेका धाग्याचं वेटोळं, आत तांबड्या रंगाचा ठिपका.

जागा उरली तर पुढ्यात तळ्याचा काठ करता येईल. जानेवारी २०२१ मध्ये एका रात्री श्रीनगरचं तापमान उणे ८.४ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला होता. त्यासाठी पुठ्ठा काळपट हिरवा रंगवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवा. प्लास्टिकची खालची बाजू बारीक पॉलिशपेपरने घासा आणि काठाशी पांढरा रंग विरत नेत लावा. इथे रांगोळी कमी टाका. गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ वारा झाडून नेतो, काळी चकाकी मधून मधून दिसायला हवी.

आई-बाबांसाठी दोन ओळी : कात्री, गरम पाणी आणि गोंदाची बंदूक तुमच्या हातात असू द्या, बाकी मुलांच्या. बाजारात फवाऱ्याच्या डब्यातला तयार बर्फ मिळतो; त्यातले काही फवारे पेट घेणारे असतात, बंद खोलीत आणि दिव्याजवळ ते नकोतच. आणि तयार देखाव्याजवळ पणती किंवा मेणबत्ती ठेवू देऊ नका, आत कागद आहे.

प्रदर्शनाला नेताना खोक्यावर दुसरा मोठा खोका उपडा घाला. एसटीने जाणार असाल तर तो मांडीवरच ठेवायचा, वरच्या फळीवर टाकायचा नाही. सुळके शाळेत पोचल्यावर चिकटवा. चार-पाच जास्तीचे आणि फेविकॉलची छोटी बाटली बरोबर असू द्या.

पुढच्या आठवड्यासाठी रिकाम्या काडेपेट्या जमवा, निदान आठ तरी. आणि रत्नागिरीच्या ताई, भावाला घर दाखवलंस की तो काय म्हणाला ते कळव!